पिराजीरावांचा नैवेद्य वाटेत अडतो

मंडळी, गजर झाला, घोटभर पाणी झालं, आता आख्यानाला हात घालायचा. पण त्याआधी एक गाऱ्हाणं आहे. ते पोटात ठेवून उभी राहिले तर सूर लागायचा नाही!

आपल्या देवळापुढं नगरपालिकेनं यंदा रस्त्याच्या कडेनं हिरवा पट्टा केलाय. सायकलवाल्यानं, चालणाऱ्यानं बिनघोर जावं म्हणून. कडेला रोपं लावलीत. आणि आज त्या पट्ट्यावर काय उभं आहे? गाडी! नवीकोरी, चकाकती, म्हशीएवढी! बरं, म्हैस हाकलली तर उठते तरी! आपली भागूबाई काठी टेकत, आरतीचं ताट सांभाळत आली. पट्टा अडलेला, म्हणून बिचारी रस्त्यावर उतरली — आणि उसाचा ट्रॅक्टर अंगावरून जाता जाता वाचली! ताटातला कापूर मातीत गेला. ती बघा, खांबाला टेकून बसलीय.

गाडी कुणाची ते मला ठाऊक आहे. गाडीवालाही इथंच आहे — पहिल्या रांगेत, मांडी ठोकून, टाळ्या वाजवतोय! नाव घेत नाही. आत्ता नाही.

आता मला सांगा मंडळी — देवाला उपाशी कोण ठेवतं? ज्याच्या घरी दाणा नाही तो? की ज्याच्या घरी ताट भरलेलं आहे तो?

आहे उत्तर? नाही ना! मग ऐका. वामनराव, पेटीवर सूर धरा. अहो, वरचा नको! माझ्या वयाचा धरा!

भरलं ताट दारी, परि वाट नाही मोकळी।
सांग देवा कशी यावी तुझ्या मुखी पोळी॥

चिंचवेढे म्हणून एक गाव. कुठं आहे विचारू नका. ज्याला बोचेल त्याच्या शेजारीच आहे. गावाला एक वेस, वेशीपासून भैरोबाच्या देवळापर्यंत सरळ एक पेठ. पेठेत दुकानं, दुकानांपुढं गाड्या, गाड्यांमधून वाट काढणारी माणसं. आणि ऊन! बाई गं, ऊन! पूर्वी वैशाखात यायचं ते आता फाल्गुनातच पाटावर येऊन बसलेलं. डांबर असं मऊ व्हायचं की चप्पल रस्त्याला आणि पाऊल पुढं! दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी पेठेत चक्कर येऊन पडायचं.

मग तिथल्या नगराध्यक्षीण बाईंनी, मंदाताईंनी, ठराव केला. पेठेतला धूर कमी करायचा, सावली वाढवायची. वेशीबाहेर गाड्यांना मैदान, पेठेत कडेनं सायकलींचा पट्टा, पट्ट्याच्या काठानं करंज आणि कडुनिंब. गाव म्हणालं, बरं झालं! गावाचं काय हो, दुसऱ्याची गाडी हलणार म्हटलं की प्रत्येकजण म्हणतो, बरं झालं!

एकट्या पिराजीरावांना पटलं नाही. पिराजीराव नलवडे, पेठेतलं सगळ्यांत मोठं लोखंडाचं दुकान त्यांचं. लोक आबा म्हणायचे. माणूस वाईट नव्हता हो. दानधर्म करायचा, अडल्यानडल्याला उभा राहायचा. पण नलवड्यांचं रक्त! मान खाली घालायची कशी, हे त्या घरात कुणी शिकवलंच नव्हतं.

आबा तडक मंदाताईंकडं गेले. म्हणाले, "ताई, चिंचवेढ्याच्या चार सायकलींनी जगाचं ऊन उतरणार आहे काय?"

"जगाचं मला ठाऊक नाही, आबा. माझ्याकडं जगाची नगरपालिका नाही, चिंचवेढ्याची आहे. पेठेतलं उतरलं तरी पुष्कळ झालं."

"आणि मी गाडी कुठं लावू? डोक्यावर?"

"वेशीबाहेर लावा. तिथून चालत यायला विडा चघळून व्हायच्या आत दुकान येतं."

"नलवडे चालत येणार?"

"तुमचे आजोबा यायचे."

"आजोबांकडं घोडं होतं!"

"होतं ना! पण ते दुकानाच्या पायरीवर बांधत नव्हते!"

आबा लालबुंद! पेठेत येऊन जाहीर केलं — जत्रा होऊ द्या, मग हा पट्टा उखडला नाही तर नावाचा पिराजी नाही!

आणि दुसऱ्या दिवसापासून काय केलं? दुकानापुढं एक जुना कडुनिंब होता, पट्टा त्याच्या खालून गेलेला. आबांनी आपली पांढरी गाडी नेमकी त्याखाली, पट्ट्यावर आडवी लावली. का? तर उन्हानं शिटा तापतात! वा रे वा! झाडं लावायला ह्याचा विरोध, आणि सावलीला बसायला हाच पहिला!

आता मोठ्यानं केलं की धाकट्याला मुभा. आबांच्या पुढं कापडवाला लावू लागला, त्याच्या पुढं भांडीवाला, त्याच्या पुढं सोनार. शेळ्यांचं असंच असतं बघा. पहिली जिथं तोंड घालते तिथं सगळा कळप. हसताय काय? तुमच्यातल्या किती शेळ्या आत्ता बाहेर उभ्या आहेत ते मी येताना पाहिलंय!

असो. आता गोष्टीतली मेख ऐका.

जत्रेच्या दिवशी भैरोबाला पहिला नैवेद्य नलवड्यांच्या घरचा. खापरपणजोबापासूनचा मान! पुरणपोळीचा डबा नलवड्यांच्या चुलीवरून निघायचा आणि माध्यान्हीला गाभाऱ्याचं दार ओढायच्या आत देवापुढं पोचायचा. न्यायचा गुरवानं. त्याला हात लावायचा तर गुरवाच्या घरच्यानं, नाहीतर सोवळं नेसलेल्यानं. वाटेत भुईवर टेकवायचा नाही. निघाला की मागं फिरवायचा नाही. फिरला तर तो देवाचा राहिला नाही, घरच्यांनी खावा. आणि ज्या वर्षी दार लागलं नि नैवेद्य बाहेर राहिला, त्या वर्षापासून मान दुसऱ्या घराकडं!

आबांना जगात कशाची भीती असेल तर ह्या एका गोष्टीची. आपल्या हयातीत मान गेला, असं होऊ नये!

गुरव होता गेनू. त्याचे गुडघे गेले, तेव्हापासून नैवेद्य आणायची त्याची बायको, हौसा. पूर्वी गर्दीतून धक्के खात यायची, पोळी गार व्हायची. यंदा पट्टा झाला, म्हणून तिनं सायकल काढली. मागच्या कॅरिअरला पितळी डबा घट्ट बांधायचा, आणि सुटायचं! आबांनी नाक मुरडलं, "नैवेद्य? सायकलीवर?" तर त्यांची म्हातारी आई चुलीपाशी बसूनच म्हणाली, "गरम पोचेल ना देवाला? मग तुझं नाक कुठल्या शास्त्रात बसतंय?"

वा! अशी एक म्हातारी प्रत्येक घरात पाहिजे. असते! तुम्ही ऐकत नाही!

जत्रेचा दिवस उजाडला. आबा सकाळीच गाडी घेऊन पेठेत आले, सवयीनं कडुनिंबाखाली आडवी लावली, आणि देवळाकडं गेले. मानकऱ्यानं देवळाच्या बारवेवर अंघोळ करायची, रेशमी सोवळं नेसून, अनवाणी, पायरीवर उभं राहायचं, अशी रीत. अंगावरच्या कपड्यांचं बोचकं गड्याबरोबर वेशीपल्याड घरी धाडलं. सदऱ्याच्या खिशात गाडीची किल्ली. ती किल्ली ध्यानात ठेवा!

ऊन चढलं. रस्ता म्हणजे नुसती खेचाखेच. ट्रॅक्टर, बैलगाड्या, पाळणेवाले, भेळेचे गाडे, कुणाला पुढं सरकता येईना की मागं. मोकळा राहायला हवा होता तो एक पट्टा. आबा पायरीवर उभे. सूर्य डोक्यावर आला. नैवेद्य नाही! गेनू एकदा सूर्याकडं बघतो, एकदा आबांकडं.

आबा ओरडले, "अरे, हौसा कुठं राहिली?"

गर्दीतून निरोप तोंडोतोंडी मागं गेला. हौसा कुठं? हौसा कुठं? आणि तोंडोतोंडीच परत आला — "पेठेत अडकलीय! पट्ट्यावर गाडी आडवी आहे!"

मंडळी, आबांच्या अंगाची लाही झाली! घराण्याचा मान हातातून निसटतोय, आणि कुणा उपटसुंभाची गाडी मधे! आबांनी खाली वाकून देवाच्या पायरीवर हात ठेवला आणि गरजले —

"देवाची वाट अडवणारा तो कोण आहे रे? भैरोबाशपथ सांगतो, ज्याची ती गाडी, त्याच्या घरचा मान आज खालसा! मग तो कुणीही असो!"

लोक म्हणाले, चांगभलं!

निरोप पुन्हा मागं गेला. कुणाची गाडी? कुणाची गाडी? आणि मग… वामनराव, पेटी थांबवा जरा… मग तो निरोप परत येईना. पेठेच्या मध्यापर्यंत यायचा आणि विझायचा. जो ऐकेल तो गप्प. शेवटी पुढं उभ्या असलेल्या फुलवालीनं हारात तोंड लपवलं आणि म्हणाली —

"आबा… पांढरी हाय. तुमचीच हाय."

पायरीखालची माणसं दोन पावलं मागं सरली.

आबांचा हात अजून पायरीवरच. गेनू हळूच म्हणाला, "आबा, दार ओढायची वेळ होत आली."

आणि पिराजीराव नलवडे धावले! सोवळ्याचा काचा धरून, अनवाणी! डांबर असं तापलेलं की पाऊल ठेवलं नि आई आठवली. पट्ट्यावर उडी मारली, तो तरी काय थंड असणार? मग त्यांना दिसल्या रोपांच्या सावल्या. माध्यान्हीच्या सावल्या त्या, रोपाच्या बुडाशी गोळा झालेल्या, भाकरीएवढ्या! आबा एका भाकरीवरून उडी मारून दुसऱ्या भाकरीवर! एका करंजापासून दुसऱ्या करंजाकडं! ज्या रोपांना म्हणत होते उपटून टाकतो, त्यांच्याच पायाशी जीव धरून चालले होते. भैरोबालाही हसू आवरलं नसेल!

गाडीच्या पलीकडं हौसा उभी. सायकल उभीच धरलेली, स्वतः उन्हात, आणि पदराची सावली डब्यावर. डोळ्यांत पाणी. म्हणाली, "आबा, टेकवला नाही, फिरवला नाही. हात सोडला तर सायकलीसकट भुईवर येतो. आता काय करू?"

आबांनी खिसा चाचपला. सोवळ्याला खिसा असतो का हो? किल्ली वेशीपल्याड, घरी, सदऱ्यात!

आबांनी आपल्या गाडीकडं पाहिलं. तिच्यापुढं कापडवाल्याची, भांडीवाल्याची, सोनाराची. एकाला एक चिकटून, आपल्याच मागं लागून उभ्या राहिलेल्या. अख्ख्या पेठेत सोवळ्यातलं माणूस एकच, आणि ते म्हणजे स्वतः. डबा सोडून पायी न्यावा तर तोवर दार लागणार, पुढं सायकलच हवी. आबांनी सायकलीखाली खांदा घातला!

"आबा, अहो सायकल ती!"

"देवाची पालखी घेतलीच की खांद्यावर. हौसे, तू नुसती डब्यावर हात ठेव. तो कलंडू देऊ नको!"

आणि उचलली! डब्यासकट! आपल्याच गाडीला वळसा घालून, रोपांच्या आणि गाड्यांच्या फटीतून आडवे सरकत निघाले. तोंडातून शब्द नाही. पण ते बघून कापडवाला दुकानातून उठला. गुपचूप गाडीत बसला, चालू केली, भेळवाल्याला हातापाया पडून बोळात घातली. मग भांडीवाला. मग सोनार तर पळतच! ज्या गाड्या नगरपालिकेच्या भोंग्यानं हलल्या नव्हत्या, त्या एका माणसाच्या मुकेपणानं हलल्या!

पट्टा मोकळा झाला. आबांनी सायकल चाकांवर टेकवली. "बस हौसे! हाण!"

ट्रिंग ट्रिंग! ट्रिंग ट्रिंग! हौसा पुढं, आबा मागं धापा टाकत. देवळात गेनूनं एक फळी लावलेली, दुसरीवर हात. हौसा डबा घेऊन आत शिरली, झाकण काढलं, आणि पुरणाची वाफ गाभाऱ्यात दरवळली!

बोला, भैरोबाच्या नावानं चांगभलं!

भरलं ताट दारी, परि वाट नाही मोकळी।
सांग देवा कशी यावी तुझ्या मुखी पोळी॥

संपलं? नाही. देव जेवला, पण माणसाचं बाकी होतं.

आबा पायरीवर उभे राहिले. गेनू म्हणाला, "आबा, मघाचं राहू द्या. रागात बोललात."

"रागात बोललो, पण पायरीवर हात ठेवून बोललो. मान गेला, गेनू. पुढल्या जत्रेपासून पहिला नैवेद्य अख्ख्या पेठेचा. घरटी एक पोळी." आबा पायरीवर खाली बसले. "मग नलवड्यांनी काय करायचं आता?"

हौसा कोपऱ्यात पदरानं वारा घेत होती. ती म्हणाली, "वाट करा की, आबा. पुढं कुणीतरी पाहिजेच."

तेव्हापासून चिंचवेढ्यात नैवेद्याच्या पुढं नलवड्यांच्या घरचा माणूस चालतो. अनवाणी, हातात घंटा. जत्रेनंतर पट्टा उखडायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. काढणाराच अनवाणी झाला होता! करंज वर आले, सावलीला सावली भिडली. आता भर दुपारी तिथं पाय भाजत नाही. आणि नलवडे? सोयरीक जुळवायला बसले की मान ताठ करून सांगतात, "आम्ही वाटेचे मानकरी!" रक्तच ते, जाणार कुठं!

तर मंडळी, देवाला उपाशी कोण ठेवतं, कळलं? नगरपालिका रस्ता आखेल, रंग देईल, रोप लावेल. त्यावरची आपली गाडी कोण काढणार? भैरोबा? आपण तिरडीला वाट देतो, पालखीला वाट देतो. मग रोजच्या जित्या माणसानं काय पाप केलंय? भागूबाईच्या ताटात कुणाचा कापूर होता? देवाचाच ना?

आता आरती. थांबा, वात पेटवू नका.

हणमंता! ऊठ. हो, तूच. तू माझ्या पोटचा आहेस म्हणून सगळ्यांच्या आधी तूच. ह्या सगळ्यांना वाटत होतं, म्हातारी स्वतःच्या लेकाचं नाव घेणार नाही! "आई, तुझ्यासाठी गाडी आणली," म्हणालास. मी पायी आले, बघितलंस ना? नाव हणमंत. तो दर्या ओलांडून गेला, आणि तुला घरापासून देवळापर्यंत येववत नाही?

पिराजीरावाला सोवळ्यात खिसा नव्हता. तुला आहे, किल्लीही त्यातच खुळखुळतेय. जा. गाडी घरी लाव, कापूर घे, आणि चालत परत ये. त्याच पट्ट्यावरून. आधी भागूबाईच्या ताटात कापूर ठेवायचा, मग माझ्या पाया पडायचं.

तोवर देव थांबेल. आम्हीही थांबतो. बघू दे लेका गावाला, कुणाच्या पायी आज आरती अडलीय!