हो म्हटल्यानंतरची शांतता

सन्माननीय अध्यक्ष मॅडम, आजचे पाहुणे म्हणजे पाणीखात्याचे प्रमुख, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते आमचे साहेब, शेजारी बसलेल्या वहिनी, आणि मागच्या रांगेतून मला 'आटोप' म्हणून खुणावणारे माझे फोनवाले सोबती,

आटोपतोच. नाहीतरी इथे मला सगळे 'घाई' म्हणूनच हाक मारतात. सातवीत शाळा सुटली, चार कामं धरली, चारही सोडली, आणि घरापासून इतक्या लांब येऊन या खोलीत कानाला फोन लावला.

पाहुण्यांना आमचं काम ठाऊक आहेच. कुणी सरकारी खात्याची तक्रार करतो, खातं 'मिटली' असं कळवतं, मग आम्ही त्या माणसाला फोन करून विचारतो, खरंच मिटली का? त्या उत्तरांवर खात्याचे गुण ठरतात.

पहिल्याच दिवशी साहेबांनी विचारलं, "काय रे, समोरचा हो म्हणाला की काय करशील?"

"फोन ठेवीन आणि 'समाधानी' लिहीन."

"मग तुझी गरज काय? तेवढं मशीनही करतं. हो म्हटल्यावर गप्प बसायचं. सरकारी फोन आला की माणूस आधी हो म्हणून मोकळा होतो. खरं मागून येतं."

मला गप्प बसवायचं म्हणजे काय, हे माझ्या सोबत्यांना विचारा. साहेब स्वतः ओठांवर बोट ठेवून माझ्यासमोर बसले. फोनवर एक आजोबा होते. रस्ता झाला का? हो. मी गप्प. आजोबा खोकले. मी गप्प. मग म्हणाले, "झाला, पण आमच्या दाराच्या अलीकडेच संपला बघा."

मागच्या आठवड्यात पाणीखात्याचे फोन होते. नंबर मशीन लावतं, आपल्या हातात नसतं. मी विचारलं, "नळाला पाणी येत नाही ही तक्रार मिटली का?" आणि पलीकडे माझी आई.

मी आवाज ओळखला. तिनेही ओळखला. हे फोन रेकॉर्ड होतात, हे मीच तिला फुशारकीने सांगितलेलं.

"हो साहेब," ती म्हणाली, "सगळं छान आहे."

पोटच्या पोराला साहेब म्हणाली. आणि मी फोन ठेवला. गप्प राहिलो असतो तर ती पुढे बोलली असती. तेच मला ऐकायचं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी घरी फोन केला. म्हणाली, "माझ्यामुळे तुझ्या कामात खोट निघायला नको. पाणी काय, पलीकडच्या गल्लीतल्या मावशीकडून आणते की."

"आणि गुडघे?"

"आहेत जागेवर. तू जेवलास का?"

पाहुणे साहेब, राग तुमच्यावर नाही. पण तुमचं खातं यंदा गुणांत पहिलं आलंय, त्या गुणांत माझ्या आईचा तो हो आहे. माझ्यासारखी घाई आणखी कुणी कुणी केली, कोण सांगणार? तो निकाल साहेबांच्या टेबलावर आहे. कार्यक्रम झाला की त्यांची शेवटची सही होईल, आणि आमच्या गल्लीची तक्रार कायमची बंद होईल. फुलं घेऊन हसत घरी जायच्या दिवशी मी त्यांच्यापुढे हे आणून ठेवतोय. रात्रभर ठरवलं होतं की फक्त आभार मानायचे. जमलं नाही.

साहेब, सही थांबवा. ते सगळे फोन पुन्हा लावायला सांगा. आईचा नंबर मला नको, दुसऱ्या कुणाला तरी द्या. ती पुन्हा हो म्हणेल. तेव्हा फोन ठेवू नका म्हणावं.

मला काम दिलंत, समोर बसून शिकवलंत, त्याबद्दल आभार. सगळ्यांनी ऐकून घेतलंत, तुमचेही. मोठ्यांपुढे काही वेडंवाकडं बोललो असेन तर लहान समजून सोडून द्या.

साहेब, आता तुम्ही हो म्हणा, नाही म्हणा. मी गप्प उभा आहे.