माहा पाय रेघेवर होता

भाभी, सानिया, इरफानभाईचे सारे नातेवाईक, मोहल्ल्यातली मंडळी, अन् अकोला-अमरावतीचे आपले दोन्ही संघ.

मी चार ओळी शुद्ध भाषेत लिहून आणल्या होत्या. बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत पाठ केल्या. इथं उभा राहिलो अन् एकही आठवून नाही राहिली. तर मले जसं येते तसंच बोलतो. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी किशोर. अमरावतीले जनावरांच्या औषधाचं दुकान आहे माहं, अन् रविवारी तिथल्या संघाचा कर्णधार. इरफानभाईबद्दल दोन चांगले शब्द बोलाले मले बोलावलं. ते बोलतो. पण एक गोष्ट माह्याबद्दलची आहे. ते सांगितल्याबिगर मी इथून खाली उतरणार नाही. हिंमत होते का नाही, आताही माहीत नाही.

आठ दिवस झाले. मले अजून पटत नाही. मंगळवारी सकाळी सात वाजता त्याचा मेसेज आला. किशोरभाऊ, रविवारी सामन्याले तुमी हिरवे घालता का पांढरे? मी गडबडीत होतो. म्हटलं, सांगू सवडीनं. दहा वाजता लिहिलं, हिरवे. साडेनऊलेच तो गेला होता. त्याच्या युनिफॉर्म शिवाच्या दुकानाचं शटर अर्धं वर केलं अन् पायरीवर बसला. बाजूच्या पानवाल्याले वाटलं, जोड्याची लेस बांधून राहिला. सेहेचाळीस वर्षांचा माणूस. दोन दिवसांआधी पोट्ट्यांच्या पुढं पळत होता. अन् मी गेलेल्या माणसाले कपड्याचा रंग कळवून राहिलो होतो. काय म्हणाचं याले?

मोहल्ल्यातल्या पुष्कळ लोकांले वाटते, इरफानभाई पातूर रोडच्या मैदानावर तबकडी, म्हणजे ते फ्रिस्बी, उडवाले जात होते. सहा वर्षांआधी मलेही तसंच वाटलं होतं. कोणीतरी म्हणे, अकोल्यात एक टेलर आहे, तो तबकडीचा खेळ शिकवते, चला पाहू. गेलो. सात गडी इकडं, सात तिकडं, पोरं-पोरी एकाच संघात. तबकडी हातात आली की पळाचं नाही, जागेवर उभं राहून फेकाची. समोरचा मोठ्यानं दहा मोजते, तेवढ्यात गेली पाहिजे. जमिनीले लागली की समोरच्या संघाची. कोणाले धक्का द्याचा नाही. अन् समोरच्या टोकाच्या पट्ट्यात आपल्या गड्यानं झेलली की गोल. मी सारं ऐकून घेतलं अन् विचारलं, पंच कोठी आहे?

तो म्हणे, पंच नाही.

मी म्हटलं, मंग भांडण झालं तर? तो म्हणे, भांडाचं नाही, बोलाचं. ज्याची चूक त्यानं सांगाचं. मले हसूच आलं. अहो, आमच्याकडं कबड्डीच्या सामन्यात पंच असून मारामाऱ्या होते, कधी कधी पंचच मार खाते. अन् हा माणूस वऱ्हाडात बिनपंचाचा खेळ चालवून राहिला! मी म्हटलं, दोन महिने नाही टिकत. सहा वर्षं टिकला. त्याच्यामुळं टिकला.

त्याचं मोजणं तुमाले आठवते का? नवीन पोट्टं समोर असलं की त्याचे दहा आमच्या पंधराएवढे. मी चिडवाचो, इरफानभाई, माप घेऊन राहिले का? तो म्हणे, पोट्टं घाबरलं आहे, त्याले श्वास तर घेऊ द्या. आपल्याच संघाचं नुकसान करून मोजणारा माणूस मी दुसरा नाही पाहिला.

अन् रेघेचं त्यानंच शिकवलं. आमी सारे फुटबॉलमधले. तिथं चेंडू रेघेवर असला तर आतच धरते. इथं नाही. गोलाच्या पट्ट्याची रेघ पट्ट्यात येत नाही. पाय रेघेवर पडला, अंगठ्याएवढा पडला, तरी गोल नाही. पहिल्या वर्षी आमी यावर किती वाद घातला! मीच सर्वात जास्त घातला. म्हणजे हा नियम मले माहीत नव्हता, असं कोणी म्हणू नका.

आता सांगतो.

गेल्या महिन्यात इथंच, पातूर रोडले, आपला सामना झाला. बारा-बारा. पुढचा गोल ज्याचा, तो जिंकला. आमच्या पोरीनं लांब फेकली, मी पळालो, अन् माह्यामागं सानिया पळाली. मले अडवाचं काम तिचंच होतं. मी झेलली. आमचे पोट्टे नाचाले लागले. अन् सानिया जागेवर उभी राहून म्हणे, अब्बू, यांचा पाय रेघेवर होता.

सारे थांबले. नियम असा आहे की दोघांचं जमलं नाही तर तबकडी परत फेकणाऱ्याकडं जाते अन् खेळ तिथून पुन्हा चालू. सानियाले तो हक्क होता. ती अडून राहिली असती तर मी काही करू शकत नव्हतो. इरफानभाई पळत आला. त्यानं पोरीले काही नाही विचारलं. मले विचारलं.

"किशोरभाऊ, आत होता का?"

मी म्हटलं, "आत."

बस, एवढंच. एक शब्द. तो सानियाकडं वळून म्हणे, पाय त्यांचा आहे, बेटा, त्यांले जास्त माहीत. तुही पाहण्यात चूक झाली असंल. घे मागं. तिनं त्याच्याकडं पाहिलं, माह्याकडं पाहिलं, अन् घेतलं मागं. आमी जिंकलो. मी खाली पाहिलं तर माह्या उजव्या जोड्याच्या टोकाले रेघेचा चुना लागला होता. मी पाय गवतात घासला.

कोणाच्या लक्षात आलं नाही. माह्या संघातल्या पोट्ट्यांनो, तुमीही आजच ऐकून राहिले. मले माहीत आहे तुमाले कसं वाटून राहिलं.

सामना झाल्यावर आपण रिंगण करतो. दोन्ही संघ खांद्यावर हात टाकून उभे राहतो अन् समोरच्याचं काय आवडलं ते सांगतो. इरफानभाई साऱ्यांसमोर म्हणे, आज किशोरभाऊवर भरोसा ठेवाची वेळ आली, अन् तो ठेवता आला, हाच आपला खेळ आहे. पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही मान डोलवली. माह्या डाव्या बाजूले सानिया होती. तिचा हात माह्या खांद्यावर नव्हता.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला. मंग म्हणे, सानिया माह्याशी बोलून नाही राहिली. म्हणते, अब्बू, तुमी माह्यावर नाही, त्यांच्यावर विश्वास ठेवला. मी तिले म्हटलं, या खेळात समोरच्यावरच ठेवाचा असते. हे सारं मी फोन कानाले लावून ऐकलं. बोलून झालं तरी त्यानं फोन ठेवला नाही. अन् म्हणे, "अजून काही, किशोरभाऊ?"

मी म्हटलं, नाही.

त्याले माहीत होतं का? त्यानं मले वेळ दिला होता का? मी आठ दिवस हाच विचार करून राहिलो, अन् विचाराले माणूसच उरला नाही. मले वाटलं होतं, त्या रविवारी तो अमरावतीले येईन, चहा घेऊ, हसत हसत सांगून टाकू. त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या अन् विषय संपला असता. असा माणूस शटर उघडता उघडता जाते, हे कोणाच्या मनात येते का? माह्या तर नाही आलं.

सानिया बेटा, इकडं पाह. माह्याकडं पाहू नको वाटत असंल तरी पाह.

माहा पाय रेघेवर होता. तुले बरोबर दिसलं होतं. चूक तुही नव्हती, तुह्या अब्बूचीही नव्हती. त्यानं तुले खोटं नाही पाडलं, मी पाडलं. त्याच्या तोंडून पाडलं. तो गोल नव्हता. अमरावती जिंकली नाही. हे मी दोन्ही संघांसमोर सांगतो, अन् तुह्या आईसमोर सांगतो. ज्याच्यासमोर सांगाले पाहिजे होतं, त्याच्यासमोर आता सांगता येत नाही. भाभी, मले माफ करा, असं म्हणाले तोंड नाही माहं, तरी म्हणतो.

बाप-लेकीचे शेवटचे दिवस अबोल्यात गेले असतील, तर ते माह्या एका शब्दानं गेले. हे मले जन्मभर पुरंल.

आता आपण इरफानभाईसाठी शांत उभे राहू. ज्याले दुआ मागाची त्यानं दुआ मागा, ज्याले हात जोडाचे त्यानं हात जोडा. दोन्ही संघ उभे राहा. मोहल्ल्यातली मंडळी, तुमीही.

सानिया, तू नको उठू, बेटा. तू बस. तुह्यासमोर आमी उभे राहतो.