धांड्याचं विमान

शेषराव: मी म्हणतो, स्टेरिंगच घे. मंगरूळपीरच्या भंगारवाल्याकडं जीपचं पडेल हाये, गोल, काळंभोर. ह्या खाटेपुढं ठोकून देतो. तू मांगं बस. इमानवाला दिसशीन तरी.

देवमन: दिसाचं नाई शेषरावभाऊ, शिकाचं हाये. आमच्या क्लबच्या विमानाले चाक नसते, दांडा असते. दोन गुडघ्यांच्या मधात उभा. मांगं ओढला का नाक वर, पुढं रेटला का खाली. डावीकडं लोटला का डावा पंख खाली.

शेषराव: मंग हे घे. आमच्या बुढ्याच्या नांगराचं रुमनं, हातात धराची मूठ. बाभळीचं हाये, एकदम मजबूत. हत्ती लटकला तरी मोडनार नाई.

रुख्मिणी: हत्ती कुठं बसून राह्यला इमानात, भाऊ? बसनार हायेत हे. अन् ह्याईले मजबूत नकोच हाये. सांगा न वो, मास्तर काय म्हणे ते. लाजता काहून?

देवमन: दुष्काळात बाबा खाटेवर पडले म्हणून मी शिकनं सोडून नागपूरहून आलो, हे त गावाले माहीत हाये. पन त्याच्या आदल्या दिवशी विमान उतरवतानी मी दांडा असा आवळला का मास्तरले हिसकून घ्यावा लागला. मास्तर म्हणे, देवमन, तुले सारं येते, पन तू विमानाचा गळा दाबतं. तवापासून दोन वर्सं मी शेतात रुमनंच धरून हावो. हात अजून जड झाला असंन.

शेषराव: अन् आता बलावलं न त्याईनं?

देवमन: बलावलं. शिष्यवृत्ती अजून चालू हाये. पन गेल्याबरोबर परीक्षा घेतीन. हात तसाच राह्यला त नाव कायमचं काटतीन.

शेषराव: तसं नको करू बापा. मी साऱ्या गिऱ्हाइकाले सांगून बसलो, आमचा देवमन इमान चालवते म्हणून. पोरगी पाहाले आलेल्या पावन्यालेबी सांगतलं.

रुख्मिणी: मी सांगू काय? धांडा लावा.

शेषराव: कायचा धांडा?

रुख्मिणी: जवारीचा. गंजीत इतका कडबा पडला हाये. लेकरं नाई काय धांड्याच्या बैलबंड्या करत? जरासा आवळला का चेपते. तो न मोडता ज्याले चालवता येईन, त्याचा हात हलका.

देवमन: रुख्मिणी, तू चाल नागपूरले. मास्तरच्या खुर्चीत बस.

शेषराव: सारी जिंदगी सुतारकी केली, गवताचं काम कोनी सांगतलं नाई. पन करतो. खाटेवर बसाले पाट ठेवतो, त्याले पुढून भोक पाडतो, धांडा सायकलच्या ट्यूबात बसवतो. हलला का आपसूक सरळ होईन.

देवमन: पायासाठी एक आडवी फळी द्या, मधात खिळा. डावा पाय दाबला का डावीकडं वळाचं. अन् पाटाले दोर बांधा. तुमी मले न सांगता झटके देत जा, वारं म्हणून. ज्या दिवशी उतरेपर्यंत धांडा सलामत राह्यला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी यष्टीत बसीन.

रुख्मिणी: धांडे मी आणून देत जाईन. गंजीले तुमी हात नका लावू, सारी इस्कटून ठेवसान.

(पुढच्या आठवड्यात, त्याच अंगणात. खाटेभोवती मोडक्या धांड्यांचा ढीग.)

शेषराव: गेला. हाबी गेला. देवमन, तुह्या म्हशीची चांदी हाये. सकाळपासून इमानाचे दांडेच खाऊन राह्यली.

देवमन: हासा. चांगला पोहरादेवीवरून वळून राह्यलो होतो, खाली जत्रा दिसत होती.

रुख्मिणी: जत्रेत बांगड्यावालीकडं पाह्यलं असंन. ध्यान तिकडं, म्हणून मोडला.

देवमन: मजाक नको करू. दोन बोटं अन् आंगठा, एवढ्यानंच धरतो मी. तरी मोडते. मले वाटते हा हातच असा हाये. क्लबले कळवून टाकतो, येत नाई म्हणून.

रुख्मिणी: असं नका बोलू.

देवमन: मंग काय करू?

रुख्मिणी: एक डाव अजून बसा. थांबा, मी गंजीतून दुसरा आणते, चांगला पाहून.

देवमन: नको, तुह्या हातात हाये तोच दे. भाऊ, धरा दोर.

शेषराव: धरला. आज दया नाई करत. हे घे वारं. हे घे वावटळ. अन् हे घे साऱ्यात मोठं.

देवमन: पंख सरळ. उतरून राह्यलो. नाक थोडं वर. अजून थोडं. टेकलो.

शेषराव: अन् धांडा?

देवमन: उभा हाये.

शेषराव: दाखव बरं. अरे, हा त पोकळ हाये. मधात किडीचा भुसा. अन् हे ढिगातले पाहा, सारेच किडके. सूनबाई, गंजीत बोटाएवढे जाड धांडे पडले हायेत, अन् तुले हेच भेटले? हे त फुंकर मारली तरी मोडतीन.

देवमन: माहा हात अजून हलका व्हावा म्हणून आणले असतीन तिनं. हो न, रुख्मिणी?

रुख्मिणी: नाई. चांगला धांडा कवाचाच टिकला असता, अन् तुमी कवाचेच गेले असते. म्हणून हुडकून हुडकून किडके काढत होती मी.

शेषराव: मी आपला दोर गुंडाळतो. उद्या यष्टीवर येतो पोचवाले.

देवमन: मले सांगाचं त होतं. राह्यलो नसतो काय?

रुख्मिणी: राह्यले असते न. तेबी नको होतं मले.