हिरा त्या स्कूटरवर का बसली

जमलेल्या बायांनो, भावांनो, आणि समोर बसलेल्या सोनूबाई,

मला सभेत बोलायची सवय नाही. माझं बोलणं म्हणजे वाढताना "अजून एक पोळी घे" एवढंच. आज पहिल्यांदाच माईक हातात आलाय. मंडळाचे अध्यक्ष मघाशी म्हणाले, "इंदूताई, हिरा तुमच्या शेजारची. दोन चांगले शब्द बोला." हिराला दोन शब्द पुरतील होय? तरी बोलते. रडू आलं तर थांबेन. पण मी थांबले म्हणून कुणी माईक काढून घ्यायचा नाही.

सरावलीच्या या चाळीत मी खानावळ चालवते. इथे बसलेल्या निम्म्या पुरुषांनी माझ्या हातचं खाल्लंय. तेव्हा आज माझं थोडं कडू बोलणंही गिळा.

हिरा चिंचणीची. या सोनूबाईंची धाकटी लेक. लग्न होऊन माझ्या शेजारच्या खोलीत आली. सकाळी कंपनीत पॅकिंगला जायची, संध्याकाळी माझ्याकडे पोळ्या लाटायची. पहिल्यांदा तिनं सुकट भाजली तेव्हा आम्ही घाटावरच्या बायकांनी नाकाला पदर लावला. ती दारात येऊन म्हणाली, "मावशी, वास घेऊन झाला असंल तर जेवायला या." आणि गेलो की आम्ही सगळ्या! बोटं चाटत परत आलो. अशी होती. हसवायची आणि आपलं करून टाकायची.

तिचा नवरा प्रकाश. तोही इथेच बसलाय, पायाला प्लास्टर घालून. प्रकाश कामाला चांगला, गणपतीत सगळ्यांच्या पुढे, क्रिकेट म्हटलं की जीव टाकणारा. मंडळाच्या खोलीत रंगीत टीव्ही आणायला हाच सगळ्यात जास्त धावला. सगळे म्हणायचे, पोरगा दिलदार आहे. होताच दिलदार. तुमच्याशी.

मॅच कोण जिंकलं ते मला टीव्ही न बघता कळायचं. हरले की डबे तसेच भरलेले परत यायचे. जिंकले की भाताचं पातेलं पुरायचं नाही. मॅचच्या दिवशी सकाळपासून ताडी, दुपारनंतर कंपनीच्या गेटसमोरच्या दुकानातल्या बाटल्या. आणि शेवटची विकेट पडली की थोड्या वेळानं भिंतीपलीकडून आवाज यायचे. फक्त हिराच्या भिंतीपलीकडून नाही हं. माना खाली घालू नका. कुणाकुणाच्या घरातून ते मला माहीत आहे आणि तुम्हालाही माहीत आहे.

मग आम्ही बायकांनी एक रीत पाडली. ती आज पहिल्यांदा उघड सांगते. आता लपवून कुणाला वाचवायचंय?

मॅच हातची जायला लागली की हिरा आपल्या लहान पोरीला घेऊन माझ्या घरात यायची. मी बाहेरून कुलूप घालायची आणि दारात तांदूळ निवडत बसायची. प्रकाश यायचा. "मावशी, हिरा कुठाय?" मी म्हणायची, "माहेरी गेली असेल. मला काय विचारून जाते?" कुलपाकडे बघायचा, चार शिव्या द्यायचा, घरात जाऊन आडवा व्हायचा. सकाळी उतरली की मान खाली घालून कामावर. पुढे पुढे बाकीच्या बायकाही यायला लागल्या. आत बसायला जागा नसायची. खोकला आला तर तोंडात पदर कोंबायच्या. आणि हिराची पोर मला दाराच्या फटीतून हळूच विचारायची, "आजी, किती गेले?" त्या पोरीला क्रिकेटमधलं काही कळत नव्हतं. विकेट गेली की आईला मार बसतो, एवढंच कळत होतं.

आमचा समज पक्का होता. हरले तर कुलूप. जिंकले तर भीती नाही. जिंकले की पुरुष आनंदात असतात, आनंदात माणूस कशाला मारेल?

आणि त्या रविवारी जिंकले.

हिरा दुपारी माझ्याकडे डोकावून गेली होती. म्हणाली, "मावशी, आज कुलूप नको. आज जिकतायत. आज मी घरी निवांत केस धुते." केस धुऊन ती नळावर आली तेव्हा अजून चांगलं ऊन होतं. तुम्ही सगळे बाहेर नाचत होता, फटाके फुटत होते. प्रकाश स्कूटर घेऊन आला. कपाळाला रुमाल, हातात पेढ्यांचा पुडा. पाय जमिनीवर ठरत नव्हता. म्हणाला, "चल, चिंचणीला जाऊ. सासूचं तोंड गोड करू."

हिरा म्हणाली, "आज नको. उद्या जाऊ. आज तुमी लय घेतलीय."

मग तुम्हीच ओरडलात. आठवतंय ना? "बसा की वहिनी, भाव काय खाताय!" कुणी म्हणालं, "भाभी, बैठ जाओ, आज तो इंडिया जीता है!" कुणी टाळ्या वाजवल्या. तुम्ही प्रकाशचं तोंड बघत होता, ते हसत होतं. मी नळाजवळ उभी होते, मला त्याचा हात दिसत होता. त्या हातानं हिराचं मनगट धरलं होतं. बांगड्या फुटून खाली पडल्या. आणि तो हसत हसत, दात न उघडता तिला म्हणाला, "चारचौघांत मला नाही म्हणतेस?"

एवढंच म्हणाला. त्याचा अर्थ तिला कळला. मलाही कळला. मी पुढे होऊन म्हणाले, "प्रकाश, सोड तिला, मला पोळ्यांना हवी आहे." तर तो म्हणाला, "आज पोळ्या नाही मावशी, आज पार्टी!" आणि पुन्हा टाळ्या.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. चिंचणीच्या रस्त्याला वळणावर स्कूटर कठड्यावर गेली. प्रकाशचा पाय मोडला. हिरा दवाखान्यात पोचलीच नाही.

सोनूबाई, आता तुमच्याशी बोलते. इकडे बघा, माझ्याकडे.

काल तुम्ही माझ्या ओट्यावर बसून मला विचारलंत, "इंदूबाय, माजी पोर येडी होती काय? पिलेल्या माणसाच्या मागं बसली कशी? तिला दिसत नाय?" मी विचारलं, असं कोण म्हणालं? तुम्ही म्हणालात, चाळीतली माणसं सांगून गेली. प्रकाश घोटभरही प्यायला नव्हता, तीच हट्टाला पेटली होती, तिलाच माहेरची घाई झाली होती, मध्ये गाय आडवी आली. हेच उद्या चौकीवर जबाबात सांगायचं असंही ठरलंय म्हणे. का, तर गेलेली परत येत नाही, आणि प्रकाशची नोकरी जायला नको.

ऐका सोनूबाई. तुमची पोर वेडी नव्हती. तिला दिसत होतं. सगळं दिसत होतं. स्कूटरवर बसायच्या आधी तिनं एकच गोष्ट केली. प्रकाश पोरीलाही पुढे उभी करत होता. हिरानं तिला ओढून घेतलं, माझ्याकडे ढकललं आणि म्हणाली, "मावशी, हिला ठेव. हिचा अभ्यास हाय." रविवार होता. शाळेला सुट्टी लागलेली होती. कसला अभ्यास?

तिला माहीत होतं, सोनूबाई. नाही म्हटलं तर घरात काय होईल ते माहीत होतं, आणि बसलं तर रस्त्यात काय होईल तेही माहीत होतं. म्हणून ती एकटी बसली. तुमची नात आज तुमच्या मांडीवर आहे ती त्यामुळे.

अध्यक्ष मघाशी माझ्या कानात म्हणाले, "ताई, खेळाला दोष देऊ नका." नाही देत. बॅटनं काय बिघडवलंय माझं? माझा मुलगाही खेळतो. पण मॅचच्या दिवशी या चाळीत पुरुषाला सगळं माफ असतं, ते मला खुपतं. हरला तर म्हणायचं, बिचाऱ्याचं डोकं फिरलंय. जिंकला तर म्हणायचं, बिचारा खुशीत आहे. बायकोनं काय करायचं? तिनं कुणाच्या जिंकण्याची वाट बघायची?

राग येतोय मला. शोकसभेत राग शोभत नाही, ठाऊक आहे. पण मला हिराचं नुसतं दुःख होत नाही, मला तिचा रागही येतो, तुमचाही येतो. ती असती तर म्हणाली असती, "मावशी, बास आता, पाणी पी." मग पुरे करते.

उद्या सकाळी मी चौकीवर जाणार आहे. गाय चाळीतल्या कुणीच बघितलेली नाही हे सांगणार आहे. मनगट सांगणार आहे. मी एकटी म्हातारी बाई, माझं कोण ऐकणार? पण त्या दिवशी अंगणात सगळी चाळ होती.

आता हिरासाठी आपण उठून उभे राहू आणि थोडा वेळ शांत राहू. प्रकाश, तू बसूनच राहा, पाय मोडलाय तुझा. शांतता झाली की मी "हिरा" म्हणेन. त्यानंतर ज्यांना गाय दिसली होती त्यांनी खाली बसावं. आणि जे उद्या माझ्याबरोबर येणार आहेत त्यांनी उभंच राहावं. सोनूबाईंना एकदा मोजू दे.

उठा.