फुगून बसायची खोली

नाही, पण मला एक सांगा... माणसाला फुगून बसायला जागा नको? जेवायला जागा हवी, झोपायला जागा हवी, कुत्र्याला सुद्धा स्वतःचा कोपरा हवा, मग नवऱ्यानेच काय घोडं मारलंय? हसा, हसा! तुमच्याकडे तळघर असेल, तुम्ही हसणारच. आमच्याकडेही होतं. डुलुथला. मिनेसोटात हो, जिथे शिंक बाहेर पडायच्या आत गोठते तिथे. आणि काय तळघर होतं तुम्हाला सांगतो! एक खचलेला सोफा, एक मुका झालेला रेडिओ, भिंतीवर मी पकडलेला मासा... म्हणजे पकडलेला मेहुण्याने होता, पण तो मुद्दा आत्ता नको. आणि वर स्वयंपाकघरात वेल्मा. वेल्मा म्हणजे आमची ही.

भांडण झालं की मी धाडधाड पायऱ्या उतरून खाली. सोफ्यावर बसायचं, माशाकडे बघायचं, फुगायचं. वर ओव्हनमध्ये हॉटडिश, म्हणजे खिमा-भाजीवर बटाट्यांचा थर देऊन भाजलेलं आमच्याकडचं जेवण. मग वरून पहिली हाक. "ऑर्विल, जेवायला येतोस?" मी म्हणायचो, "भूक नाही!" जरा वेळाने दुसरी. "हॉटडिश निवतंय हं, वरचे बटाटे मऊ पडतील." "पडू देत!" आणि तिसरी हाक आली की मी मुकाट वर. कारण आमच्याकडची रीतच आहे तशी. पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की कशाला उगाच त्रास म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की मग, बरं बाई, तू एवढं म्हणतेसच तर... पहिल्या झटक्यात हो म्हणणाऱ्याला आमच्याकडे हावरट म्हणतात. अहो, अख्खा संसार झाला आमचा त्या तिसऱ्या हाकेवर!

आणि एक दिवस ही म्हणते कशी, "ऑर्विल, बर्फ उपसून उपसून तुझी कंबर गेली. घर विकू, छानशी घरगाडी घेऊ, हिवाळाभर ॲरिझोनात उन्हात बसू." मी म्हटलं, "आणि तळघराचं काय?" तर म्हणे, "कसलं तळघर?" कसलं तळघर! म्हणजे मी आयुष्यभर जिथे फुगलो त्याचा हिला पत्ताच नाही! मी लगेच फुगलो, खाली गेलो, तर सोफा विकलेला. जिन्याच्या पायरीवर बसून फुगलो हो मी. पायरीवर! लाकूड टोचत होतं, तरी फुगलो.

मग मेहुण्याला फोन केला. रॉस्को. तोच तो, माशावाला. तो दर हिवाळ्यात घरगाडीतच राहतो, त्यामुळे त्याला वाटतं त्याला सगळं कळतं. म्हणाला, "ऑर्विल, सरकत्या खोल्या किती आहेत ते बघ." मी म्हटलं, खोल्या सरकतात म्हणजे? जातात कुठे? "अरे, गाडी उभी केलीस की बटण दाबायचं. भिंत सरकत बाहेर जाते, तिच्याबरोबर सोफा, कपाटं, पलंग, सगळी वरात! आत बघशील तर दिवाणखाना. निघताना परत बटण, परत सगळं आत." आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण एक लक्षात ठेव हं. घ्यायच्या आधी खोल्या आत घेऊन बघ. बाहेर काढून काय, कुणीही दाखवतो." रॉस्को जन्मात एकदाच शहाण्यासारखं बोलला, आणि तेव्हा माझं लक्ष कुठे होतं? माझ्या डोक्यात एकच... सरकती खोली! म्हणजे तळघरच की! फक्त खाली जाण्याऐवजी बाजूला!

तर गेलो आम्ही ॲरिझोनात, जुन्या घरगाड्या विकतात तिथे. हे भलंमोठं मैदान, टळटळीत ऊन, ओळीने उभ्या गाड्या, आणि समोरून हा येतोय... ट्रॉय. परातीएवढी हॅट, टोकदार बूट, आणि दात? जन्मजात एवढे कुणाला नसतात. आल्या आल्या माझ्या पाठीत धपका! "काय ऑर्विल! मग आज गाडी घेऊनच जायची ना?" अरे, ओळख ना देख! आमच्याकडे शेजाऱ्याला धपका मारायच्या आधी दोन पिढ्या जाव्या लागतात.

पहिली गाडी दाखवली. आत पाऊल टाकलं आणि कुत्रा! म्हणजे कुत्रा नव्हता, वास होता, पण असा ठाम की मी चुकून "शूक शूक" केलं. ट्रॉय म्हणाला, "आधीच्या मालकाला प्राण्यांचं फार प्रेम होतं." दिसतंय ना, गालिच्यावर दिसतंय! दुसऱ्या गाडीत पलंगाच्या वर आरसा. छताला! मी कंबर टेकून बघायला आडवा झालो तर वर एक म्हातारा तोंड उघडं टाकून माझ्याकडेच बघतोय. केवढ्यांदा ओरडलो मी! वेल्माने मान वर केली, आरशाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "वेगळंच आहे हं!"

आता हे तुम्हाला सांगायला हवं. आमच्याकडे बाई "वेगळंच आहे हं" म्हणाली की संपलं. यापेक्षा मोठी शिवी आमच्या भाषेत नाही. एकदा माझी वहिनी इंगेबोर्ग नाताळला हिरव्या जेलीत मासे घालून घेऊन आली. वेल्माने एक चमचा खाल्ला, तोंड पुसलं, म्हणाली, "वेगळंच झालंय हं!" वहिनी तशीच भांडं उचलून घरी, पुढचे किती नाताळ आलीच नाही! आणि हा ट्रॉय? हॅट काढून वाकून म्हणतो, "थँक्यू मॅडम! मला वाटलंच तुम्हाला आवडेल!" आणि त्या आरशाचा इतिहास सांगायला लागला! आम्ही दोघं ऐकत उभे. नाही कसं म्हणायचं? समोरच्याला वाईट नाही का वाटणार?

आणि मग तिसरी गाडी. अहाहाहा! काय सांगू... जुनी, पण राजवाडा! चारही खोल्या बाहेर काढलेल्या, फरशी चकाचक, भिंतीत खोटी शेकोटी, कपाटातून आपोआप वर येणारा टीव्ही. ट्रॉय म्हणतो, "एका आजीबाईंची होती, त्या फक्त चर्चला जायला वापरायच्या." घरगाडी! चर्चला! पण माझं लक्षच नव्हतं. कारण स्वयंपाकघराच्या ओट्यासमोर एक सरकती खोली होती, छोटीशी, मध्ये जाड पडदा, आत सोफा, बाजूला खिडकी. मी आत गेलो. पडदा ओढला. बसलो. आणि शपथेवर सांगतो, सोफा नेमका तिथेच खचलेला होता जिथे मी खचलेला आहे! मला भरून आलं हो. ही खोली माझी. इथे मी फुगणार. इथून वेल्माची हाक ऐकू येणार. पलीकडून ती ओव्हनचं दार उघडत होती, झाकत होती, उघडत होती, आणि मग पडद्याबाहेरून तिचा आवाज आला, "वाईट नाही."

वाईट नाही!! अहो, आमच्या लग्नाच्या दिवशी मला बघून एवढंच म्हणाली होती ती! यापुढे आमच्याकडे कौतुकाला शब्द नाही.

तेवढ्यात मला रॉस्को आठवला. बाहेर येऊन ट्रॉयला म्हटलं, "खोल्या आत घेतल्यावर कशी दिसते?" तर तो घड्याळ बघत म्हणाला, "दाखवतो की. शेजारची गाडी हलवावी लागेल, बॅटरी जोडावी लागेल. जोडू का?"

आणि आम्ही दोघं एका सुरात, "छे छे, कशाला उगाच!"

आता रीत काय? त्याने परत विचारायचं. आम्ही परत नको म्हणायचं. मग त्याने तिसऱ्यांदा विचारायचं. साधी गोष्ट! लहान पोराला कळते! तो म्हणाला, "ठीक आहे!" ...ठीक आहे? आम्ही उभे. तो बघतोय. आम्ही हसतोय. मी घसा खाकरला, म्हटलं सुचेल त्याला. वेल्माने गाडीला प्रदक्षिणा घातली, म्हटलं आता तरी. नाही! ॲरिझोनाचा माणूस एकदाच विचारतो! आणि दुसऱ्यांदा न विचारता आपण होऊन हो म्हणायचं? आम्ही? मेलो तरी नाही! घेतली गाडी.

त्यांच्याच माणसाने निघायच्या आधी बटण दाबलं. घुंऽऽऽऽ... चारही बाजूंनी घर आमच्या अंगावर! सोफा येतोय, कपाट येतंय, पलंग येतोय, मी मागे सरकतोय, वेल्मा माझ्या पायावर! आणि शेवटी काय उरलं? माझ्या खोलीचा सोफा येऊन थेट ओट्याला टेकला. फ्रिजचं दार चार बोटं उघडतंय, त्यातून चीजचा तुकडा टपालपेटीतल्या पत्रासारखा काढायचा. न्हाणीघर सोफ्याच्या पलीकडे. जायचं तर सोफ्यावर चढून, पोटावर सरपटत! अख्ख्या राजवाड्यात बसायला जागा उरल्या दोन. एक चालवणाऱ्याची, एक शेजारची. शेजारी शेजारी. पट्ट्याने बांधून!

आता तुम्ही मला सांगा, नवराबायको भांडतात कधी? गाडी चालू असताना! "तो फाटा गेला." "मग आधी सांगायचं होतंस!" "सांगितलं, तुला ऐकू येत नाही." उभ्या गाडीत कोण भांडतो? उभ्या गाडीत चहा पितात! म्हणजे भांडण चालत्या गाडीत आणि खोली उभ्या गाडीत! मी फुगलो हो, रस्त्यातच फुगलो, पण दोन्ही हात स्टिअरिंगवर. आणि स्टिअरिंगवरचा फुगलेला माणूस दिसतो कसा? गाडी चालवणाऱ्या माणसासारखा! कुणाला कळतच नाही! मुक्कामाला पोचेपर्यंत सगळा राग सांभाळून आणायचा, गाडी सपाटीला लावायची, पाण्याची नळी जोडायची, वीज जोडायची, बटण दाबायचं... आणि खोली बाहेर येईपर्यंत मी कशासाठी फुगलो होतो तेच विसरायला व्हायचं. वेल्माला विचारायला लागायचं! ती सांगायचीही नाही. माणसाला फुगून बसायला जागा नको का?

शेवटी म्हटलं, विकू. काल आलं एक जोडपं बघायला. खोल्या बाहेर काढलेल्या, शेकोटी पेटवलेली, बाई हरखलेल्या. तो म्हणाला, "खोल्या आत घेतल्यावर कशी दिसते हो?" मी घड्याळ बघत म्हटलं, "दाखवतो की. नळी काढावी लागेल. काढू का?" तर दोघं एका सुरात, "छे छे, कशाला उगाच!"

मिनेसोटावाले! आपलीच माणसं! आता काय करायचं? गप्प बसलो असतो तर विकली गेली असती. ट्रॉय गप्प बसला होताच की! पण वेल्मा माझ्याकडे बघत होती. आणि माझं तोंड, मेलं, आपोआप उघडलं. "नाही नाही, त्रास कसला?" ते म्हणाले, "राहू द्या हो." आणि मी... तिसऱ्यांदा विचारलं! "तसं कसं, आलाय तर बघूनच जा." "बरं, तुम्ही एवढं म्हणताच तर." घुंऽऽऽऽ! बाई भिंतीला चिकटून आडव्या चालत बाहेर आल्या, घाम पुसला, गोड हसल्या आणि म्हणाल्या, "वेगळीच आहे हं!"

गेले.

वेल्मा म्हणाली, "पहिल्याच वेळी गप्प बसायला काय झालं होतं?" मला म्हणते! डोळे कोण वटारत होतं? झालं! भांडण! आणि या वेळी गाडी उभी, मी खोल्या परत बाहेर काढलेल्या, राग ताजा! तरातरा खोलीत गेलो, पडदा ओढला, सोफ्यात खचलो, आणि काय फुगलो म्हणता... तळघरात सुद्धा असा फुगलो नव्हतो! सोन्यासारखं फुगलो! पडद्यापलीकडून भाजलेल्या बटाट्यांचा वास आला. पहिली हाक, "ऑर्विल, जेवायला येतोस?" "भूक नाही!" जरा वेळाने दुसरी, "निवतंय हं, बटाटे मऊ पडतील." "पडू देत!" आणि मी कान टवकारून बसलो. तिसऱ्या हाकेची वाट बघत. डुलुथपासून ज्या हाकेसाठी मी इथवर आलो, ती हाक...

घुंऽऽऽऽऽ!

अहो, खोली हलली! सोफा हलला! सोफ्यावर मी! पडदा तोंडावरून सरकला आणि सबंध खोली मला घेऊन, फुगलेला तसाच, निघाली ओट्याकडे! गुडघे ओट्याला टेकले आणि थांबली. समोर ताट. ताटात हॉटडिश, गरम. पलीकडे वेल्मा, बटणावर बोट. म्हणाली, "वाढू?"

मी म्हटलं, "वाढ." पहिल्या झटक्यात! हावरटासारखा! काय करणार, न्हाणीघराची वाट बंद, मागे भिंत, पुढे बटाटे...

तर माणसाला फुगून बसायला जागा हवीच. आहे ना मला जागा. चांगली जाड पडद्याची, खिडकीची आहे. फक्त बटण तिच्याकडे आहे.