थरथरणारी बोटं

ओहायोतल्या विद्यापीठात प्राध्यापकांच्या नोकऱ्यांचं बघणाऱ्या कार्यालयाबाहेर संगीत विभागाच्या प्रमुख लोरेटा बसल्या होत्या. अर्धवट उघड्या दारातून त्यांच्याच विभागातल्या एमेटचा आवाज आला.

“मॅडम, पियानोवर बोटं थरथरतात हो. आणि मला कायम करायचं की काढून टाकायचं, ते यंदाच ठरणार.”

“निर्णय वर्षभर पुढे ढकलता येतो. त्यासाठीच तर आम्ही आहोत.”

“आमच्या प्रमुखांना कळेल?”

“मुदत वाढली एवढंच कळेल. कारण नाही.”

“कळलं तर संपलो मी. आजारी पडली म्हणून त्यांनी एकीला घरी बसवलंय.”

“इथलं बाहेर जात नाही.”

“नक्की ना?”

“अहो, रडताय काय! पाणी घ्या आधी.”

आत खुर्ची सरकली. लोरेटा घाईनं उठल्या, टाचांचे बूट काढून हातात घेतले आणि अनवाणीच जिना उतरल्या.