उंबऱ्यावरची घागर

टाळ जरा खाली ठेवा, बुवा. पेटी चालू राहू द्या, पण हळू. मंडळी, देवाचं नाव घ्यायच्या आधी आज मी तुम्हाला एक प्रश्न विचारणार आहे. उत्तर लगेच देऊ नका, घाई नाही.

समजा, तुमच्याच घरात शिरून मी दाराला आतून कडी घातली. मी आत, तुम्ही बाहेर. एक वर्ष गेलं, दोन गेली, नऊ गेली! आणि मग खिडकीतून डोकं काढून मीच ओरडते — 'अहो, बघा! हा माणूस नऊ वर्षं घरात पाऊलसुद्धा टाकत नाही! याला घर नकोच आहे!'

सांगा, घर कोणाचं?

हसलात! हसा. पण हाच प्रश्न एका बाईनं हायकोर्टापर्यंत नेला, तेव्हा खाली दोन कोर्टांत कोणी हसलं नव्हतं. ऐका, मंडळी.

खडकवसे नावाचं गाव. ओढ्याकाठी महादेवाचं देऊळ — बुटकं, काळ्या दगडाचं, दारात पितळी घंटा. माझं त्या देवळात चाळीस वर्षांपूर्वी कीर्तन असायचं. तेव्हा माईक नव्हता हो! आवाज ओढ्यापलीकडं गेला पाहिजे अशी लोकांची अपेक्षा, आणि बिदागीला शिधा आणि एक भोपळा. भोपळा मात्र असा, की एस. टी. चा कंडक्टर त्याचं अर्धं तिकीट मागायचा!

तर त्या देवळाची पूजा गुरवांच्या दोन घरांत. चैत्रापासून भाद्रपदापर्यंत थोरल्या घराची पाळी, अश्विनापासून फाल्गुनापर्यंत धाकट्या घराची. आणि पाळी बदलायची रीत मोठी गोड. पाडव्याच्या पहाटे थोरल्या घरानं ओढ्यावरून घागर भरून आणायची आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर ठेवायची. ज्याची पाळी संपली, त्यानं ती आपल्या हातानं उचलून आत न्यायची. झालं! ना कागद, ना सही. घटस्थापनेला हेच उलट. घागर उंबऱ्यावर ठेवली की पाळी लागली. पणजोबांच्या पणजोबांपासून असं चाललेलं.

थोरल्या घरात रावजी गुरव. त्यांना मूल एकच, मुलगी. नाव द्वारका. दिली होती दोन कोसांवर, सांगवीत. रावजींचे पाय सुजायला लागले, उंबरा चढवेना, तेव्हा द्वारका यायची, सहा महिने बापाजवळ राहून पूजा करायची. तीन वर्षं केली. अख्ख्या गावानं तिच्या हातचं तीर्थ घेतलं. आणि धाकट्या घरातला तिचा चुलतभाऊ आत्माराम — त्यानं तीन पाडवे तिची घागर उचलून आत नेली. लक्षात ठेवा हं हे! पुढं उपयोगी पडणार आहे.

पौषात रावजी गेले. जाताना पोरीला म्हणाले, "द्वारके, माझं काय व्हायचं ते होऊ दे. पाळी मोडू देऊ नको."

"नाही मोडणार, आबा."

दोनच शब्द. पण मंडळी, दोन शब्द पाळायला माणसाला कधी कधी नऊ वर्षं लागतात!

पाडवा आला. द्वारका पहाटे दोन कोस चालत आली, घागर भरली, उंबऱ्यावर ठेवली. आत आत्माराम उभा. हलेना.

"दादा, घागर घे."

"कसली घागर?"

"पाडवा आहे. थोरल्या घराची पाळी."

"थोरलं घर?" आत्माराम हसला. "थोरल्या घराला कुलूप लागलं, द्वारके. रावजीकाका गेले. लेक परक्या घरची. तुझं थोरलं घर आता सांगवीत, तिथं जाऊन चूल पूज!"

"तीन वर्षं माझी घागर नेलीस ती?"

"ती काकांची नेली. तुझी नाही."

आणि पायानं — होय मंडळी, पायानं! — घागर लोटली. पाणी पायऱ्यांवरून वाहत गेलं. द्वारकेनं काय केलं माहीत आहे? घागर उचलली, पुन्हा ओढ्यावर गेली, पुन्हा भरली, पुन्हा उंबऱ्यावर ठेवली, आणि शेजारी बसली. दिवे लागेपर्यंत बसली. आत्मारामानं गाभाऱ्याचा दरवाजा लावून घेतला. दिवेलागणीला तिनं ते पाणी देवळामागच्या बेलाच्या रोपाला घातलं आणि घरी चालत गेली.

पुढच्या पाडव्याला? पुन्हा! तिचा नवरा अबोल माणूस. आदल्या दिवशी चिंच लावून घागर लख्ख घासून ठेवायचा. एवढंच करायचा. बायांनो, एवढं करणारा नवरासुद्धा पुष्कळ असतो! ... बघा, मागच्या रांगेतल्या सगळ्याजणी हसल्या आणि सगळे पुरुष खाली बघायला लागले!

आता आत्माराम. त्याला वाटलं, बाई आहे, पोलीस बघितला की पळेल. म्हणून दर पाडव्याला तो चौकीत तक्रार द्यायचा. स्वतः लिहायचा, अक्षर मोत्यासारखं, त्याचा त्याला फार अभिमान! 'आज रोजी पाडव्यास द्वारका हिने सालाबादप्रमाणे उंबऱ्यावर भरलेली घागर ठेवून, पाळी माझी आहे असे म्हणून, बसून राहून पूजेस अडथळा केला.' खाली सही. तारीख. दर वर्षी!

हवालदार बिचारा भला. तिला घटकाभर चौकीत बसवायचा आणि चहा द्यायचा.

"मावशी, कशाला येता हो? तुमच्यामुळं मला पाडव्याची सुट्टी मिळत नाही. घरी पुरणपोळी गार होते."

"मग त्याला सांगा, घागर आत ने म्हणून. तुम्हालाही सुट्टी, मलाही सुट्टी."

चौथ्या वर्षी खटला उभा राहिला. कोर्टानं शिक्षा दिली — पन्नास रुपये दंड, नाहीतर आठ दिवस कैद. नवऱ्यानं खिशात हात घातला. द्वारका म्हणाली, "हात बाहेर काढा. दंड भरला म्हणजे मी चोर ठरले. मी माझ्या बापाच्या उंबऱ्यावर बसले होते." आणि गेली आत! आठ दिवस! गुरवाची लेक! गावात लोक म्हणाले, नाक कापलं. मी म्हणते — कोणाचं?

बाहेर आली ती थेट वकिलाकडं. दस्तगीर मुजावर नाव. तालुक्याच्या गावी बोळात बसायचे, डोळ्यांवर जाड चष्मा, बोलणं कमी. सगळं ऐकलं आणि म्हणाले, "बाई, आमच्या घरात दर्ग्याची पाळी आहे. सहा भावांत फिरते. मला पाळी समजावून सांगू नका. घागर कशी ठेवता, ते सांगा."

बघा मंडळी! देवळाची रीत कोणाला कळली? दर्ग्याच्या मुजावराला! देव कुठं कुठं माणसं ठेवून असतो!

त्यांनी दिवाणी दावा लावला, पाळी माझी म्हणून. आणि कैदेच्या शिक्षेवर वरच्या कोर्टात अर्ज. लोक म्हणाले, "शिक्षा तर भोगून झाली, आता अर्ज कशाला?" द्वारका म्हणाली, "पोट दुखून थांबलं तरी दुखलं कशानं ते विचारावंच लागतं."

दिवाणीत आत्माराम साक्षीला उभा राहिला. कडक इस्त्री, टोपी तिरकी. मुजावर वकिलांनी विचारलं, "तुमची पाळी कशी लागते?"

"घटस्थापनेला मी घागर उंबऱ्यावर ठेवतो. ठेवली की लागली."

"आत कोणी न्यायची?"

"ज्याची संपली त्यानं."

"आणि त्यानं नाही नेली तर?"

आत्मारामानं छाती काढली. "न नेणाऱ्याला देवाचा दोष! ठेवणाऱ्याची पाळी लागली ती लागलीच! आमच्यात असंच आहे!"

"ठीक," मुजावर म्हणाले आणि बसले. एवढंच? एवढंच.

मग आत्मारामाच्या वकिलानं सांगितलं — रावजी वारल्यापासून या बाईनं एकही पाळी केली नाही, देवळाकडं फिरकली नाही, हक्क सोडून दिला! मुजावर वकिलांनी पोलिसांतल्या तक्रारी दाखवायला काढल्या, तर उत्तर आलं, ते फौजदारीचं, हे दिवाणी. इथं त्याचं काय काम? दावा गेला. जिल्हा कोर्टातही हरला. पाच वर्षं गेली त्यात. पण पाडवे? पाडवा एकही गेला नाही! घागर ठेवली, बसली, बेलाला पाणी घातलं, आली.

मध्ये गावातले चार शहाणे सांगवीत गेले. समेट! समेटाला नेहमी जिंकणाऱ्याचे पाहुणे जातात बरं का. म्हणाले, "द्वारके, भाऊ आहे तो. दर पाडव्याला तुला साडीचोळी देईल, मानानं बोलवेल. या कागदावर सही कर, की माझा हक्क नाही. माहेर तुटू देऊ नको बाई."

मोठं अवघड वाक्य आहे हे. माहेर तुटू देऊ नको! या एका वाक्यावर या देशात किती सह्या झाल्या असतील!

द्वारका म्हणाली, "साडी मी नेसेन. महादेवाला काय नेसवू, माझी सही?"

चौघं चहा न पिता उठले.

आता हायकोर्ट! मुजावर वकिलांनी अर्ज करून दिवाणी आणि फौजदारी, दोन्ही प्रकरणं एकाच दिवशी एकाच न्यायमूर्तींपुढं लावून घेतली. उंच छत, काळे डगले, सगळं बोलणं इंग्रजीत. द्वारका मागच्या बाकावर, मांडीवर पिशवी, पिशवीत भाकरी. तिला एक अक्षर कळत नव्हतं. माणसं मात्र कळत होती.

आत्मारामाचे वकील दोन. फौजदारीला एक, दिवाणीला दुसरा, आणि एकानं काय लिहिलंय ते दुसऱ्यानं कधी वाचलेलं नाही! दिवाणीचे वकील उठले — 'नऊ वर्षं ही बाई देवळाकडं फिरकली नाही.' बसले. फौजदारीचे उठले — 'ही बाई दर पाडव्याला न चुकता येऊन त्रास देते!' बसले.

न्यायमूर्तींनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला. दोन्ही फायली शेजारी ठेवल्या. आणि मग मराठीत — हो, मराठीत! — आत्मारामाला पुढं बोलावलं.

"या नऊ तक्रारींवर सही तुमची?"

"हो साहेब. अक्षरही माझंच."

"सुरेख आहे. यात लिहिलंय, भरलेली घागर उंबऱ्यावर ठेवली. खरं?"

"एकदम खरं! दर वर्षी!"

"आणि इथं साक्षीत तुम्ही म्हणता, ठेवली की पाळी लागली. आत न नेणाऱ्याला देवाचा दोष. हेही खरं?"

आत्मारामानं टोपी सरळ केली. बोला की! आता बोला! आपल्याच मोत्यासारख्या अक्षरानं त्यानं नऊ वर्षं बहिणीची पाळी लिहून ठेवली होती! तिच्याकडं एक कागद नव्हता हो. सगळे कागद त्यानं करून दिले!

निकाल झाला. लेकीचा हक्क लेकाइतकाच. पाळी द्वारकेची. आणि आठ दिवसांची शिक्षा रद्द — आपल्या पाळीला आपल्या उंबऱ्यावर बसणं हा गुन्हा नाही.

आता तुम्ही म्हणाल, संपलं आख्यान. थांबा! दहावा पाडवा राहिलाय. त्या पाडव्याला माझं कीर्तन होतं तिथं, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगते.

पहाटे द्वारका आली. घागर ठेवली. गाभारा सताड उघडा, आत कोणी नाही. आत्माराम घरी गोधडी ओढून पडलेला. हवालदार म्हणाला, "मावशी, चला आत. हायकोर्टाचा हुकूम आहे, आता कोण अडवतंय?"

"हुकूम पदरात आहे. रीत राहिलीय. ज्याची संपली तो उचलेल."

आणि बसली! ऊन पायऱ्यांवर आलं. सारा गाव गोळा झाला, गुढ्या तशाच, पूजा नाही, तीर्थ नाही. मी टाळ हातात धरून उभी. शेवटी आत्मारामाची आई उठली. ऐंशी वर्षांची, कमरेत वाकलेली. घरात गेली आणि गोधडी ओढली. "ऊठ, आत्मा. तुझ्यापायी देव पारोसा बसलाय."

आला. टोपी नाही. मान खाली. "द्वारके, लोक बघतायत गं."

"नऊ वर्षं बघतच होते, दादा. उचल."

उचलली. दोन्ही हातांनी उचलली. घागर हिंदकळली, पाणी त्याच्याच पायांवर सांडलं. मग ती उठली, पदर खोचला आणि उंबरा ओलांडला. पूजा केली. मागच्या बेलाचं रोप आता तिच्या डोक्याएवढं झालं होतं, त्याचीच पानं वाहिली. आणि तीर्थ पहिलं कोणाला दिलं? आत्मारामाला! आधी त्याला हात पुढं करायला लावला, मग गावाला.

त्या दिवशी ती माझ्या पायांशी वाकली आणि म्हणाली, "ताई, तुमचं माहेर कुठलं?" मी गावाचं नाव तेवढं सांगितलं, मंडळी. मी हातात टाळ धरून देवाधर्माचं सांगत गावोगाव फिरणारी बाई. पण अडुसष्ट साली तलाठ्याच्या ओट्यावर बसून मी हक्क सोडल्याची सही करून आले होते. एका मोतिया रंगाच्या साडीच्या बदल्यात. माहेर तुटू नये म्हणून! साडी कधीच विरली. आणि माहेरी मला गेल्या वीस वर्षांत कोणी बोलावलेलं नाही.

म्हणून विचारते. समोर बसलेल्या भावांनो, मान वर करा. कितीजणांच्या कपाटात बहिणीच्या सहीचा कागद आहे? हात वर करू नका, मला दिसतायत चेहरे! तुम्ही म्हणाल, ती कधी मागायला आलीच नाही. आली नाही, की दार लावलं होतं? आणि बायांनो, तुम्ही! 'जाऊ दे, भाऊ आहे' म्हणत घागर रिकामीच घरी ठेवणाऱ्या! भरा ती. नेऊन ठेवा. उचलायची की नाही, ते त्याला आणि देवाला बघू दे. ठेवायचं काम तुमचं!

बुवा, टाळ उचला. आरतीला उभे राहा सगळे. उद्या पाडवा आहे. पहाटे घरोघरी दारं उघडतील. उंबऱ्यावर भरलेली घागर दिसली, तर पाय मागं घ्या, आणि हात पुढं करा.